एका माणसाची जागा

खरमास संपला की माझी वही उघडते.
महिनाभर दरभंग्यात कुणी हळदीचं नाव काढत नाही,
मी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रजईत घेऊन झोपतो.
मग जानेवारीच्या मध्यावर पंचांगाचं दार किलकिलं होतं
आणि एकेका रात्री तीन तीन मांडव माझ्या नावावर.

वहीत लिहिलंय:
बावीस तारीख. उमाकांत झा. मुलगी सुलेखा.
वरात नऊला, म्हणजे एकला.
हॅलोजन दोन जास्त, धुकं.
आणि खाली, बापानं समोर बसून अधोरेखित करून घेतलेलं:
घरच्यांच्या फोटोत एका माणसाची जागा सोडणे.

मुलगा लुधियान्यात, स्वेटरच्या कारखान्यात.
थंडी हाच त्याचा हंगाम, माझाही.
मालकानं सुट्टी दिली ती लग्नाच्या आदल्या सकाळी.
गाडी लखनौच्या अलीकडे की पलीकडे
हे गाडीलाही सांगता येत नव्हतं.
फोनवर म्हणाला, खिडकीबाहेर नुसतं दूध आहे.

गारठ्यातून कोहबराच्या खोलीत शिरलो तर भिंगावर वाफ.
भिंतीवरचं कमळ, बांबू, मासे, पोपटांची जोडी
सगळं पुसट झालं, बायका खिदळल्या:
फोटोवाल्याला मोतीबिंदू!
मी पुसलं नाही. पुसून जात नाही ते.
काचेला खोलीची सवय होईस्तोवर थांबायचं असतं.
तेवढ्यात सुलेखा नवऱ्याच्या कानाशी लागून काही बोलली.
ते माझ्याकडे नाही.

जावयानं चार दिवस राहायची रीत,
पण त्याचं पाटण्याहून दुपारचं विमान,
म्हणून पहाटे पाचलाच अंगणात घरचे उभे केले.
बाप डोक्यावर पाग घालून, आई, दोन काका, काकू, पोरंटोरं,
आणि सुलेखाच्या डाव्या हाताला
एका माणसाची जागा.
सरका, म्हणायचो. सरकायचे.
मी डोळा लावेपर्यंत थंडीनं पुन्हा चिकटलेले.
काकू म्हणाली, माणूस नसेना का,
वारा तर येतोय ना इथून!

शेवटी माझ्या हाताखालच्या पोराला, घुरणला, मध्ये उभा केला.
सगळे त्याला टेकले, ऊब धरली.
मग म्हणालो, घुरण, बस खाली.
तो बसला.
भिंत पडली तरी चित्र क्षणभर राहावं
तसे ते राहिले.
दाबलं.

गाडी साडेनऊला आली. सुलेखा आठला गेली होती.
रोहिणीरमण, म्हणजे तो भाऊ, दारात पिशवी घेऊन.
पिशवीत तिच्यासाठी शेंदरी स्वेटर,
गळ्यापाशी एक टाका सुटलेला, म्हणून स्वस्तात मिळालेला.
मांडवाचे बांबू उतरत होते.
मी त्याला खुणेच्या विटेवर उभा केला.
त्यानं विचारलं, हात कुठे ठेवू?

मी कॅमेऱ्यात मागे जाऊन पाहिलं.
पहाटे ध्यानात आलं नव्हतं:
तिचा डावा हात अंगापासून सुटलेला,
बोटं अर्धवट मिटलेली,
कुणाच्या तरी कोपराला धरल्यासारखी.
म्हटलं, कोपर जरा बाहेर काढ.
अजून. हां, तिथेच.

दुकानात दोन रात्री बसलो.
सकाळचा राखी उजेड हॅलोजनसारखा पिवळा करता येतो,
दाढीचे खुंट कमी करता येतात, जागरण घालवता येतं.
सावली मात्र त्याची एकट्याचीच
दुसरीकडे पडत राहिली.

उमाकांतबाबूंनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.
म्हणाले, उंची बरोबर आहे.
मग म्हणाले, आणि तो रिकामा आहे ना, आधीचा,
त्याचीही एक प्रत दे.
मी म्हटलं, त्यात खाली काठावर
घुरणच्या टोपीचा गोंडा आलाय, कापून देतो.

नको, म्हणाले.
राहू दे गोंडा.